गोठा, वॉर्ड आणि नाग नदी यांचा एकच हिशेब हवा

नागपुरातल्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, वॉर्डातल्या रुग्णाची लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, जाते ती मेडिकलच्याच प्रयोगशाळेत. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात म्हैस आली तर तिच्या दुधाचा नमुना तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जातो. नाग नदीचं पाणी तपासायचं झालं तर ते काम नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. नमुने तीन, रजिस्टरं तीन, आणि वर मुंबई-दिल्लीत मंत्रालयंही तीन. या तिन्ही नमुन्यांत सापडणारा ई. कोलाय नावाचा जंतू मात्र ही वाटणी पाळत नाही. तो माणसाच्या आतड्यात राहतो, म्हशीच्या राहतो, कोंबडीच्या राहतो, आणि तिघांच्या विष्ठेसोबत पाण्यात जातो. त्याच्या अंगात अँटिबायोटिकला निष्प्रभ करणारी जनुकं असली तर तीही त्याच्यासोबत फिरतात.

माणसांचे दवाखाने, जनावरांचे दवाखाने आणि शहराचं सांडपाणी यांतल्या प्रतिकारक जनुकांची मोजणी नागपुराने एकत्र करावी आणि तिचा निकाल दरवर्षी लोकांपुढे ठेवावा, अशी माझी मागणी आहे. औषधांवरचे निर्बंध हवेतच. पण जनुकं कुठून कुठे जात आहेत हे माहीत नसताना घातलेले निर्बंध अंदाजाने घातलेले असतात. मग खापर फुटतं ते ज्याचा आवाज सगळ्यात लहान त्याच्यावर, म्हणजे कास्तकारावर.

जंतू औषधाला दाद देत नाही म्हटलं की आपल्याला अर्धवट सोडलेला कोर्स आठवतो. ते खरंच आहे. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या डोसाचा धोका सांगून ठेवला होता. पण अपुरा डोस ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी जपानमध्ये कळली. महायुद्धानंतर तिथे हगवणीच्या साथी येत होत्या आणि शिगेला जंतूचे असे वाण सापडू लागले होते की जे एकाच वेळी अनेक औषधांना पुरून उरत. एकेका औषधाविरुद्धचा बदल स्वतंत्रपणे घडून हे इतक्या झटपट होणं शक्य नव्हतं. १९५९ मध्ये अकिबा आणि ओचियाई यांच्या कामातून उलगडा झाला की ही क्षमता ई. कोलायकडून शिगेलाकडे थेट संपर्कातून जाते. जंतूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर डीएनएची छोटी कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो, कडीची नक्कल त्याला देतो, आणि पुढच्या क्षणापासून दोघांकडेही ती असते. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असावे लागत नाहीत.

एका प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं एकत्र असू शकतात. म्हणून कोंबड्यांना नुसतं टेट्रासायक्लिन दिलं तरी त्याच कडीवरचं, माणसाच्या इंजेक्शनला निकामी करणारं जनुक टिकून राहतं आणि वाढतं. ‘आम्ही माणसांची औषधं जनावरांना देतच नाही’ एवढं म्हणून कुणाची सुटका होत नाही ती यामुळेच.

ओळखीच्या एका प्रयोगशाळेत मी दोन काचेच्या ताटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या पाहिल्या. फिकट पिवळसर थर, त्यावर जंतूंचं धुरकट आवरण आणि त्यात बोटाच्या पेराहूनही लहान, पांढऱ्या कागदाच्या गोल टिकल्या. प्रत्येक टिकलीत एक औषध भिजवलेलं. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ तयार होतं, कारण तिथे जंतू वाढत नाहीत. पहिली ताटली एका बाईच्या लघवीच्या नमुन्यातली होती, दुसरी दगडी, म्हणजे कासेची सूज, झालेल्या गायीच्या दुधातली. दोन्हींत टेट्रासायक्लिनच्या आणि सेफोटॅक्झिमच्या टिकलीला जंतू अगदी कडेपर्यंत भिडले होते. मधे वर्तुळ नावालाही नव्हतं. ताटल्या सारख्या दिसल्या म्हणून दोघींतलं जनुक एकच, असं सिद्ध होत नाही. त्यासाठी जनुक शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते, डीएनएचा क्रम वाचावा लागतो. पण हा प्रश्न विचारायला त्या दोन ताटल्या एका टेबलावर याव्या लागतात, आणि रोजच्या कामात त्या कधी येत नाहीत. बाईचा रिपोर्ट तिच्या डॉक्टरकडे जातो, गायीचा तिच्या मालकाकडे.

जनावरांना अँटिबायोटिक द्यायला सुरुवात झाली ती आजारासाठी नव्हे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड यांना दिसलं की ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना उरणारा चोथा खाद्यात मिसळला की कोंबडीची पिल्लं जास्त वेगाने वाढतात. तेव्हापासून वजन वाढवण्यासाठी रोज थोडं थोडं अँटिबायोटिक चारण्याची रीत जगभर पसरली. जंतूला मारण्याइतकं नाही, त्याला सवय लागेल इतकंच. फ्लेमिंगने ज्याला भ्यायला सांगितलं होतं, ते इथे शेडच्या शेडमध्ये ठरवून केलं जात होतं. १९६९ मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीने, माणसांच्या उपचारात लागणारी औषधं वाढीसाठी चारू नका, असं बजावलं.

आणि १९७६ मध्ये स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका कुटुंबाच्या शेतावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातल्यावर आठवडाभरात त्यांच्या आतड्यांतले जवळजवळ सगळे जंतू टेट्रासायक्लिनला पुरून उरणारे झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेतही असे जंतू वाढले, शेजाऱ्यांच्या मात्र वाढले नाहीत. त्या माणसांनी ते औषध घेतलेलं नव्हतं. ते फक्त कोंबड्यांसोबत राहत होते.

याला पन्नास वर्षं होत आली. मधल्या काळात सगळ्यात जास्त डोळे उघडणारी गोष्ट घडली ती कोलिस्टिनची. हे जुनं औषध. किडनीवर परिणाम होतो म्हणून सत्तरच्या दशकात माणसांच्या उपचारातून जवळपास बाजूला पडलेलं. मग कार्बापेनेम गटाची जालीम अँटिबायोटिक इंजेक्शनं निकामी होऊ लागली आणि डॉक्टरांना ते पुन्हा काढावं लागलं. आज नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या आयसीयूत एखाद्या रुग्णाला कोलिस्टिन लावलं असेल तर नातेवाइकांनी समजावं की डॉक्टरांच्या हाती फारसं काही उरलेलं नाही. आणि नेमकं हेच औषध कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात मिसळलं जात होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी जाहीर केलं की कोलिस्टिनला निष्प्रभ करणारं एमसीआर-१ नावाचं जनुक प्लाझ्मिडवर सापडलं आहे. ते डुकरांत होतं, विक्रीच्या मांसात होतं आणि रुग्णांतही होतं. गुणसूत्रावर असतं तर ते एका वंशापुरतं राहिलं असतं. प्लाझ्मिडवर होतं म्हणून ते कुठेही जाऊ शकत होतं, आणि लवकरच ते अनेक खंडांत सापडलं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन चारण्यावर बंदी घातली. त्यानंतरच्या पाहण्यांत ते जनुक बाळगणारे जंतू जनावरांत कमी झाले आणि माणसांतही कमी झाले. खाद्याच्या पोत्यातून एक औषध काढलं आणि माणसांच्या आतड्यांतला जनुकांचा साठा घटला. जनावरं आणि माणसं एकाच साखळीत आहेत याचा याहून थेट पुरावा मिळणं अवघड आहे. आणि हे कळलं कशामुळे, तर बंदीच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे मोजलं होतं म्हणून. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. निर्णय अगदी योग्य. पण त्या बंदीने विदर्भातल्या कोंबड्यांत काय बदललं आणि इथल्या आयसीयूंत काय बदललं, हे सांगणारी जोडमोजणी आपण ठेवली नाही.

आता कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जाऊ. गायीला दगडी होते म्हणजे कासेला सूज येते, सड गरम लागतो, दूध पिळलं की फेसाऐवजी गुठळ्या पडतात, कधी रक्त. दूध एकदम निम्म्यावर येतं. कास्तकाराचा पैसा रोजचा असतो, सकाळ-संध्याकाळच्या दुधाचा. पशुवैद्यक येईपर्यंत तो थांबू शकत नाही, म्हणून मेडिकल स्टोअरमधून सेफ्ट्रायाक्झोन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिनची बाटली आणतो, गावातलाच कुणी इंजेक्शन टोचतो, सडात ट्यूब सोडतो. दोन दिवसांत सूज उतरली की तिसरं इंजेक्शन राहतं. सेफ्ट्रायाक्झोन हे माणसाच्या न्यूमोनियापासून टायफॉइडपर्यंत वापरलं जाणारं औषध आहे. नियमाप्रमाणे औषध दिलेल्या जनावराचं दूध ठरावीक दिवस विकायचं नसतं. २०१२ पासून कायदाच सांगतो की बाटलीवर मुदत लिहिलेली नसेल तर दुधासाठी आणि अंड्यांसाठी किमान सात दिवस, मांसासाठी अठ्ठावीस दिवस धरा. कळमेश्वरकडच्या एका कास्तकाराला डॉक्टर हे समजावून सांगत होते. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, सात दिवस दूध फेकाचं म्हणता, मग ढेपेचे पैसे कोन देते?” डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही, आणि सरकारकडे असायला हवं.

त्या सात दिवसांच्या नियमाबद्दल एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. तो नियम दुधात उतरणाऱ्या औषधाच्या अंशासाठी आहे. अन्नसुरक्षेच्या तपासण्याही बहुतेक अंशच शोधतात. जनुक म्हणजे अंश नव्हे. दुधातलं औषध सात दिवसांत शून्यावर येईल, पण गायीच्या आतड्यात त्या औषधाने निवडून ठेवलेले जंतू तिथेच राहतील, शेणातून बाहेर पडतील, कोठा धुतल्याच्या पाण्यातून नालीत जातील. दूध आपण उकळतो, मटण-चिकन सावजी रश्श्यात रटरट शिजवतो, त्यामुळे ताटात आलेले जंतू मरतात आणि ती मोठी जमेची बाजू आहे. शेण, कोंबडखत आणि नालीचं पाणी कुणी उकळत नाही. कच्चं चिकन चिरलेल्या पाटावर लगेच कोशिंबीर चिरली तर तीही कुणी उकळत नाही.

ब्रॉयलरच्या शेडची गोष्ट वेगळी आहे. इथे बहुतेक धंदा करारावर चालतो. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते आणि सहा-एक आठवड्यांनी पक्षी उचलते. शेडमालकाला किलोमागे ठरलेली मजुरी मिळते. पिण्याच्या पाण्यात काय मिसळायचं हे तो ठरवत नाही, त्याच्या हातात येणारं पाकीट ठरवतं. म्हणून पोल्ट्रीवाल्याला शहाणपण शिकवणाऱ्या शिबिरांवर माझा भरवसा नाही. औषधाचा हिशेब मागायचा तर तो खाद्य पुरवणाऱ्या कंपनीकडे मागायला हवा, प्रत्येक बॅचमागे किती आणि कोणतं, याचा.

संत्र्या-लिंबाच्या बागाही यातून सुटलेल्या नाहीत, हे जाता जाता सांगतो. लिंबावरच्या खैऱ्या रोगावर फवारल्या जात आलेल्या स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं परिणामकारक औषध.

हे सगळं शेवटी पाण्यात येतं. नाग नदी लावा गावाच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी ओलांडून शहराच्या पोटातून वाहते, पुढे पिवळी नदी तिला मिळते आणि दोघी कन्हानला जातात. कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं. वाटेत दवाखान्यांचं, वस्त्यांचं, गोठ्यांचं, कत्तलखान्यांचं पाणी तिच्यात येतं. शहराबाहेर तिच्या काठावर भाजीपाला पिकतो आणि तो भाजीपाला पुन्हा शहरात येतो. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं, ही या शहराची अभिमान वाटावी अशी कामगिरी आहे. पण सांडपाणी प्रकल्प बांधले जातात ते पाण्यातली घाण आणि गाळ कमी करण्यासाठी. जनुकं काढणं हा त्यांचा हेतू कधीच नव्हता. उलट माणसांचे आणि जनावरांचे जंतू इतक्या दाटीने एकमेकांना भेटतात अशा जागा फार थोड्या, आणि सांडपाण्याची टाकी ही त्यांतली एक. २०११ मध्ये दिल्लीच्या रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्यात आणि काही नळांच्या पाण्यात कार्बापेनेमला निकामी करणारं एनडीएम-१ जनुक सापडल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा आपला सगळा जोर त्याच्या नावात नवी दिल्ली का, या वादात खर्ची पडला. पाण्याचं काय करायचं ही चर्चा मागे पडली.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की ही जनुकं माणसाने निर्माण केलेली नाहीत. उत्तर ध्रुवाकडच्या तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतही ती सापडली आहेत. बरोबर आहे. मातीतले जीव एकमेकांविरुद्ध प्रतिजैविकं वापरत आले आहेत आणि बचावही करत आले आहेत. पण मातीत एखाद्या जीवाकडे असलेलं जनुक आणि तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या जंतूकडे असलेलं जनुक, यांच्यामधलं अंतर आपल्या औषधांनी कापलं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. इंग्लंडमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुरा-कोंबड्यांतले ई. कोलाय आणि रुग्णांच्या रक्तातले ई. कोलाय यांचे डीएनए ताडून पाहिले, तेव्हा दोन्हींत देवाणघेवाण फारच कमी दिसली. म्हणजे रुग्णालयातल्या प्रतिकाराचं मूळ मुख्यतः माणसांच्याच औषधवापरात होतं. मला हा निष्कर्ष नाकारायचा नाही. खोकला-सर्दीला अॅझिथ्रोमायसिन मागणारे आपण, आणि ते देणारे दुकानदार, जबाबदारीतून मोकळे होऊ नयेत. २०१४ पासून शेड्यूल एच-१ नुसार महत्त्वाच्या अँटिबायोटिकच्या प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद दुकानात ठेवावी लागते. ही नोंद कितपत खरी भरली जाते हे दवा बाजारात वावरणाऱ्या कुणालाही विचारा. पण इंग्लंडमधली गाय शेतावर असते, शेण झाकलेल्या टाकीत जातं, माणसाचं मलमूत्र बंद गटारात. नैरोबीत गुरं-कोंबड्या पाळणाऱ्या घरांचा असाच अभ्यास झाला, तेव्हा माणूस आणि जनावर यांच्यातली जंतूंची देवाणघेवाण दिसली ती मुख्यतः एकाच घरात. आपल्याकडे गावात कोठा घराला लागून, शहरात मोकाट गाय कचराकुंडीवर, आणि दोघांचं पाणी एकाच नालीत. इंग्लंडचं उत्तर इथे लागू पडेल की नैरोबीचं, हे इंग्लंडमध्ये किंवा नैरोबीत बसून कळणार नाही. ते नागपुरातच मोजावं लागेल.

आणि मोजायला नागपूरइतकं सोयीचं शहर देशात क्वचितच असेल. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे आहे. विदर्भातले तर आहेतच, पण छिंदवाडा, बालाघाट, सिवनीपासून तेलंगणापर्यंतचे रुग्ण इथे येतात. महाराष्ट्राचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ इथे आहे, गोरेवाड्याला वन्यजीवांचं संशोधन केंद्र आहे, नीरी आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी ‘वन हेल्थ’च्या राष्ट्रीय संस्थेचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते याच शहरात झालं, आणि माणूस, जनावर व पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहणं हाच तिचा हेतू सांगितला गेला. इमारत ही सोय असते. नमुने एका टेबलावर आणण्याचं काम इमारतीची वाट पाहत थांबायची गरज नाही. डेन्मार्कने १९९५ मध्ये डॅनमॅप सुरू केलं, तेव्हापासून जनावरं, अन्न आणि माणसं यांतल्या प्रतिकाराचे आणि औषधवापराचे आकडे तिथे दरवर्षी एकाच अहवालात छापले जातात. कोंबड्यांना वाढीसाठी अॅव्होपार्सिन हे अँटिबायोटिक चारणं बंद केल्यावर काय फरक पडला हे त्यांना आकड्यांतून दिसलं. भारतात रुग्णालयांसाठी आयसीएमआरचं जाळं आहे, मासे आणि जनावरांसाठी वेगळं जाळं आहे. दोन्ही कामं चांगली. एका शहरात त्यांना गाठ मारून दाखवायचं काम नागपूरने अंगावर घ्यावं.

त्यासाठी फार मोठा घाट घालावा लागणार नाही. भांडेवाडीत येणारं आणि तिथून बाहेर पडणारं पाणी, नाग नदीचे शहराच्या वरचे आणि खालचे दोन बिंदू, दोन-तीन मोठ्या रुग्णालयांतले कल्चर, पशुवैद्यकीय महाविद्यालयात येणारी दगडीची दुधं, बाजारातल्या कोंबड्या. एमसीआर, एनडीएम आणि सेफोटॅक्झिमला निकामी करणारं सीटीएक्स-एम अशी मोजकी जनुकं, सगळीकडे एकाच पद्धतीने तपासलेली, दर तीन महिन्यांनी. कोविडमध्ये या शहराच्या सांडपाण्यात विषाणूचे अंश शोधले गेले, म्हणजे हात आणि यंत्रं आहेत. आणि यासोबत कास्तकाराच्या गायीच्या दुधाचं कल्चर मोफत हवं. ज्याला दोन दिवसांत कळेल की कोणतं औषध लागू पडेल, तो महागडी बाटली अंदाजाने आणणार नाही. फेकलेल्या दुधाची भरपाई दूध संघांमार्फत देता येईल, आणि तिचा खर्च आयसीयूतल्या एका आठवड्याच्या बिलासमोर ठेवून पाहावा. २०१९ या एका वर्षात भारतात जवळजवळ तीन लाख मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. भरपाई महाग वाटत असेल तर हा आकडा शेजारी लिहावा.

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा अँटिबायोटिक रेझिस्टन्सच्या जागृतीचा जागतिक आठवडा असतो. भाषणं होतात, पोस्टर लागतात. त्याच आठवड्यात महापालिका, विद्यापीठ आणि मेडिकल यांनी मिळून पहिला अहवाल मराठीत छापावा, वॉर्ड, गोठा आणि नदी यांचे आकडे एकाच पानावर. डिसेंबरात विधिमंडळ नागपूरला येतं, आणि तेव्हा विदर्भातल्या आमदारांनी पशुसंवर्धन, आरोग्य आणि पर्यावरण अशा तीन मंत्र्यांना एकत्र बसवून त्या पानावरचा एकेक आकडा विचारावा.